एआय एजंटला चालू असलेला गेम एडिटर सापडावा कसा? (युनिटी, गोडो, अनरियल)

सह्यवारा

लोकहो,

आमच्या टीममध्ये आता जवळपास प्रत्येकाच्या टर्मिनलमध्ये एखादा एआय एजंट चालू असतो. सी-शार्पच्या फाइली तो लिहितो, ते ठीक. पण गेमचं निम्मं काम फाइलींत नसतंच, ते एडिटरमध्ये उघडलेल्या सीनमध्ये असतं. कोणत्या ऑब्जेक्टवर कोणता कंपोनंट आहे, कन्सोलमध्ये लाल काय आलंय, प्ले मोडमध्ये पात्र जमिनीतून खाली का पडतंय, हे एडिटरलाच विचारावं लागतं. त्यासाठी एमसीपी सर्व्हर आहेत, म्हणजे एजंटला बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलू देणारे दुवे. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) खुला केला आणि त्यानंतर तिन्ही मोठ्या इंजिनांसाठी लोकांनी भराभर प्लगइनं लिहिली. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीचा आहे : एजंटने कोणत्या एडिटरशी बोलायचं, हे त्याला कळावं कसं?

बरीच प्लगइनं एक ठरावीक पोर्ट (मशीनवरच्या प्रोग्रॅमशी जोडून घेण्याचा क्रमांक) धरून बसतात. एकच एडिटर उघडा असेल तोवर सगळं सुरळीत. दोन उघडले की पहिल्याला पोर्ट मिळतो, दुसरा कन्सोलमध्ये एक ओळ टाकून गप्प बसतो. एजंट मात्र बिनदिक्कत जोडला जातो, तो पहिल्याशी. आमच्याकडे शत्रूंच्या स्पॉन पॉइंटचं काम चालू होतं आणि सगळे रिकामे ऑब्जेक्ट भलत्याच प्रोटोटाइपच्या सीनमध्ये तयार होऊन सेव्हही झाले. एजंटच्या बाजूने प्रत्येक कॉल यशस्वी. लॉग धुंडाळून पाहिले तर कुठेच एरर नाही. हे मला फार गंभीर वाटतं, कारण कनेक्शन तुटलं तर निदान कळतं; चुकीच्या ठिकाणी जुळलं तर कळतच नाही.

माझं म्हणणं असं की एजंटने पोर्ट चाचपडत फिरू नये. एडिटरने उघडल्याबरोबर स्वतःची ओळख प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवावी, आणि एजंटने आपण ज्या फोल्डरमध्ये काम करतोय तिथून वर वर जात ती फाइल शोधावी. साधारण अशी :

प्रकल्प : /होम/टीम/वाडा
इंजिन : युनिटी ६
पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) : २३४१८
पोर्ट : ५१४३७
अवस्था : तयार
टोकन (गुप्त किल्ली) : दर उघडण्याला नवं

पोर्ट आपण ठरवायचाच नाही. शून्य मागितला की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा असलेला देते, तो इथे लिहायचा. ज्यांनी अशी जोडणी केली आहे त्यांनी आपापल्या इंजिनाबद्दल लिहावं ही विनंती. कोणता एजंट चांगला, हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

मीठभाकर

चांगला विषय. पण एवढं कशाला? प्रकल्पाच्या सेटिंगमध्येच पोर्ट लिहून टाका. वाड्याला ७००१, दुसऱ्याला ७००२. आम्ही असंच करतो, काही अडत नाही.

---

सह्यवारा

@मीठभाकर, दोन-तीन प्रकल्प असतील तर चालतं, मान्य. पण ती सेटिंगची फाइल गिटमध्ये जाते. आम्ही गिट वर्कट्री वापरतो : एकाच रेपोचे तीन फोल्डर, तिन्हीवर वेगवेगळ्या ब्रांच, प्रत्येकात एक एडिटर आणि एक एजंट. तिन्ही ठिकाणी सेटिंग तेच, म्हणून पोर्टही तोच. युनिटीचं लायब्ररी फोल्डर मात्र गिटमध्ये जात नाही, प्रत्येक वर्कट्रीत वेगळं तयार होतं. म्हणून ओळखीची फाइल तिथेच असावी असं मला वाटतं.

---

जुनाजाणता

सह्यवारा, युनिटीत यातलं अर्धं काम आधीच झालेलं आहे. प्रकल्प उघडलात की लायब्ररी फोल्डरमध्ये एडिटरइन्स्टन्स.जेसन नावाची फाइल बघा. युनिटी ती स्वतः लिहितो. तिच्यात प्रोसेस आयडी, आवृत्ती आणि एडिटर कुठून चालू झालाय तो पाथ असतो. कोड एडिटरांना डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडता यावा म्हणून ही सोय आली. रायडर या कोड एडिटरचं प्लगइन शेजारीच प्रोटोकॉलइन्स्टन्स.जेसन लिहितं, त्यात पोर्ट असतो. म्हणजे तुम्ही म्हणताय ती पद्धत डीबगरवाल्यांनी कधीच वापरात आणली आहे.

डीबगरचा पोर्ट तर नुसत्या हिशेबाने निघतो : ५६००० अधिक पीआयडीचे शेवटचे तीन आकडे. तुमच्या उदाहरणातला २३४१८ घेतला तर ५६४१८. फाइलही लागत नाही, पीआयडी पुरतो. पण याच्यावर सगळी मदार ठेवू नका. २३४१८ आणि ३१४१८ असे दोन एडिटर एकदम चालू असले तर दोघांचा पोर्ट एकच येतो. शिवाय हा मार्ग डीबगरचा आहे, यावरून सीनमध्ये ऑब्जेक्ट बनवता येत नाही.

आणखी एक. एडिटर क्रॅश झाला तर अशी फाइल मागेच राहते. पीआयडी जिवंत आहे का एवढंच तपासणं पुरत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम तोच आकडा दुसऱ्या प्रोसेसला देऊ शकते. म्हणून प्रोसेस कधी चालू झाली ती वेळही फाइलीत लिहा आणि जुळवून बघा. ही सवय जुन्या डेमनवाल्यांना (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना) विचारा, ते शपथेवर सांगतील.

---

रानजाई

अनरियलची बाजू मी लिहिते. आमच्याकडे पायथन प्लगइनमध्ये रिमोट एक्झिक्यूशन म्हणून सोय आहे, ती प्रोजेक्ट सेटिंगमधून चालू करावी लागते. शोधण्याची पद्धत अगदी वेगळी आहे. फाइल नाही, तर हाक मारायची. २३९.०.०.१ हा मल्टिकास्ट पत्ता (एकदम अनेकांना हाक जाते असा) आणि ६७६६ पोर्ट. तिथे तुमचा प्रोग्रॅम पिंग टाकतो. जेवढे अनरियल एडिटर ऐकत असतील तेवढे पाँग पाठवतात, आणि त्या पाँगमध्ये प्रकल्पाचं नाव, प्रकल्पाचा पाथ, इंजिनाची आवृत्ती, मशीनचं नाव सगळं असतं. प्रत्येकाचा वेगळा आयडी. त्यातला हवा तो निवडायचा आणि त्याला सांगायचं, ये माझ्याकडे. मग एडिटर स्वतः तुमच्या प्रोग्रॅमच्या टीसीपी पोर्टला जोडून घेतो, हा पोर्ट एरवी ६७७६.

मला हे डिझाइन मनापासून आवडतं. एडिटर क्रॅश झाला तर पाँग येत नाही, संपलं. शिळ्या फाइलीची भानगडच नाही. चार एडिटर उघडे असले तरी चौघांची नावं समोर येतात.

त्रास आहे तो नेटवर्कचा. ऑफिसचं व्हीपीएन लावलं किंवा डॉकरने स्वतःचे दोन-चार अ‍ॅडॉप्टर तयार केले की मल्टिकास्ट कोणत्या वाटेने जाईल सांगता येत नाही. बाइंड ॲड्रेस एडिटरच्या सेटिंगमध्ये आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये सारखाच हवा. आणि एजंट डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स), एडिटर विंडोजवर अशी मांडणी असेल तर नेहमीच्या नॅटमधून ही हाक पलीकडे पोचत नाही.

दुसरा मार्ग रिमोट कंट्रोल एपीआयचा, एचटीटीपी ३००१० वर आणि वेबसॉकेट ३००२० वर. वापरायला सोपा, पण तिथे पुन्हा ठरावीक पोर्टची तीच रड.

---

तेरेखोल

गोडो ४ मध्ये तीन पोर्ट शेजारी शेजारी आहेत : ६००५ लँग्वेज सर्व्हर (कोडमधल्या चुका सांगणारा), ६००६ डीबग अ‍ॅडॉप्टर, ६००७ रिमोट डीबगर. गोडो ३ ला लँग्वेज सर्व्हर ६००८ वर होता, त्यामुळे जुने ट्यूटोरियल वाचून लिहिलेल्या स्क्रिप्ट हमखास अडकतात. एजंटही तेच जुने लेख वाचून शिकलेले, ते ६००८ वर टकटक करत बसतात.

दुसरा गोडो उघडलात तर त्याच्या लँग्वेज सर्व्हरला पोर्ट मिळत नाही. मग एजंटला ज्या फाइलीच्या एरर मिळतात त्या पहिल्या प्रकल्पाच्या संदर्भाने. "हा क्लास अस्तित्वात नाही" असं तो ठामपणे सांगतो, आणि तो क्लास समोर दिसत असतो.

मी एडिटर प्लगइन लिहून सह्यवारा म्हणतात तसंच केलं. टीसीपी सर्व्हरला शून्य पोर्ट द्यायचा, मिळालेला विचारून घ्यायचा, पीआयडी ओएस क्लासकडून, प्रकल्पाचा खरा पाथ ग्लोबलाइझ पाथमधून, आणि सगळं .गोडो फोल्डरमध्ये लिहायचं. ते फोल्डर एरवीही गिटच्या बाहेरच असतं. प्लगइन बंद होताना फाइल पुसायची. जीडीस्क्रिप्टमध्ये सगळं मिळून एक पानभर कोड होतो.

---

खडीसाखर

मी डिप्लोमाला आहे, नाशिकला. माझ्याकडे एकच लॅपटॉप आणि एकच प्रकल्प. मला हे सगळं करायला हवं का? वाचताना थोडी भीती वाटली.

---

रानजाई

@खडीसाखर, नाही गं, अजिबात घाबरू नकोस. एकच एडिटर असेल तर ठरावीक पोर्टवर मजेत चालतं. एकच सवय लाव : एजंटने काहीही बदलण्याआधी एडिटरला "तुझा प्रकल्प कोणता, पाथ काय" हे विचारलंच पाहिजे, असं त्याच्या सूचनांच्या फाइलीत लिहून ठेव. पुढे कधी दुसरा प्रकल्प उघडलास तर ती एक ओळ वाचवेल.

---

सह्यवारा

सगळ्यांचे आभार. आता युनिटीच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. यावर मला सविस्तर लिहायचंच होतं.

डोमेन रीलोड. स्क्रिप्ट बदलली की युनिटी कंपाइल करतो आणि मग सी-शार्पची आख्खी मॅनेज्ड बाजू पाडून पुन्हा उभी करतो. तुमचा सॉकेट, तुमचे थ्रेड, स्टॅटिक व्हेरिएबल, सगळं जातं. आणि एजंटचं कामच मुळी स्क्रिप्ट बदलण्याचं! म्हणजे त्याने चांगलं काम केलं की त्याचंच कनेक्शन तुटतं. यापुढे काय होतं ते आम्ही टर्मिनलवर ओळ ओळ वाचलेलं आहे. एजंटला दिसतं की एडिटर उत्तर देत नाही. तो ठरवतो की एडिटर बंद पडला. तो स्वतः बॅचमोडमध्ये (खिडकी न उघडता) नवा युनिटी चालू करायला जातो. युनिटी सांगतो की हा प्रकल्प आधीच दुसऱ्या युनिटीत उघडा आहे. मग एजंट टेम्प फोल्डरमध्ये जातो, युनिटीलॉकफाइल (प्रकल्प उघडा असल्याची खूण) शोधतो आणि ती पुसायची परवानगी मागतो. घाईत असलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. एकाच लायब्ररीवर दोन युनिटी लिहायला लागले तर पुढे तासभर रीइम्पोर्ट ठरलेला.

एजंट यात मूर्ख नाही. त्याला मिळालेल्या माहितीवरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर आहे. माहितीच अपुरी आहे, आणि ती पुरवणं आपलं काम आहे.

म्हणून फाइलीत "अवस्था" हवीच. रीलोडच्या आधी युनिटी बिफोर-असेंब्ली-रीलोड ही घटना देतो, तेव्हा अवस्था "रीलोड" लिहायची आणि सॉकेट नीट बंद करायचा. रीलोडनंतर इनिशियलाइझ-ऑन-लोडमधून पुन्हा उभं राहायचं. जुना पोर्ट आणि टोकन युनिटीच्या सेशनस्टेटमध्ये ठेवले तर रीलोड पार करून टिकतात आणि एडिटर बंद झाला की आपोआप जातात, आपल्याला अगदी हवं तसं. मग एजंटला उत्तर मिळतं : एडिटर जिवंत आहे, कंपाइल करतोय, थांब.

ठोक्याचं काय, म्हणजे दर सेकंदाला फाइलीत वेळ लिहायची का? लिहा, पण त्याचा अर्थ नीट लावा. युनिटीचे बहुतेक एपीआय मुख्य थ्रेडवरच चालतात. मोठा टेक्स्चर इम्पोर्ट चालू आहे, किंवा "सीन सेव्ह करू का?" असा डायलॉग उघडा आहे, तर मुख्य थ्रेड अडकलेला असतो आणि ठोका थांबतो. ठोका थांबला पण प्रोसेस आहे, म्हणजे एडिटर कामात आहे. प्रोसेसच नाही, तर बंद. या दोन गोष्टी एजंटला वेगवेगळ्या शब्दांत सांगितल्या पाहिजेत. "कनेक्शन नाकारलं" एवढंच सांगून भागणार नाही.

आणि एजंटला थेट एडिटरशी जोडूच नये. मध्ये एक छोटी वेगळी प्रोसेस ठेवावी. एजंट तिच्याशी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलतो, ती कायम जिवंत राहते. पलीकडे एडिटर येवो-जावो, ती फाइल बघत राहते आणि पुन्हा जोडून घेते. ही आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट.

---

जुनाजाणता

+१. त्या मधल्या प्रोसेसला एजंटचा प्रकल्प कोणता हे कसं कळतं, तेही लिहा. चालू फोल्डरवर विसंबू नका. काही एजंट सर्व्हरला होम फोल्डरमधूनच चालू करतात. एमसीपीमध्ये रूट्स नावाची सोय आहे, सर्व्हर क्लायंटला विचारू शकतो की तू कोणत्या फोल्डरांवर काम करतोयस. क्लायंट ती देत असेल तर आधी तिथे विचारा, नाहीतर सरळ पाथ हातानेच द्या.

---

कुलूपकिल्ली

धागा आवडला. पण टोकन या शब्दाच्या पुढे कोणी गेलं नाही, म्हणून लिहितेय.

ही प्लगइनं एडिटरमध्ये हवा तो कोड चालवू देतात. म्हणजे त्या पोर्टवर जो पोचला त्याच्या हातात तुमचा लॅपटॉप. "माझ्याच मशीनवर आहे, बाहेरचा कोण येतोय?" असं वाटतं, पण ब्राउझर तुमच्याच मशीनवर आहे. कुठल्याही वेबपानावरची स्क्रिप्ट तुमच्या १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) वरच्या वेबसॉकेटला कनेक्शन मागू शकते. ब्राउझर ओरिजिन हेडर (मागणी कोणत्या साइटवरून आली ते) पाठवतो, तो तपासणं हे सर्व्हरचं काम. न तपासता उघडणारी प्लगइनं मी स्वतः वाचली आहेत. एमसीपीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय : एचटीटीपीवर असाल तर ओरिजिन तपासलाच पाहिजे, आणि स्थानिक सर्व्हर १२७.०.०.१ लाच बांधावा, ०.०.०.० ला नाही. डीएनएस रीबाइंडिंगचा हल्ला (परकी साइट आपलं नाव तुमच्याच मशीनच्या पत्त्यावर वळवते) याच फटीतून होतो. हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर ०.०.०.० म्हणजे शेजारच्या टेबलालाही एडिटर खुला.

टोकन दर वेळी नवं, ओळखीच्या फाइलीत, आणि ती फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी. ज्युपिटर (कोडची नोटबुक चालवणारा प्रोग्रॅम) याच पद्धतीने चालतो : कनेक्शनची फाइल, तिच्यात पोर्ट आणि किल्ली. ब्राउझरमधलं पान तुमच्या डिस्कवरची फाइल वाचू शकत नाही, म्हणून एजंट आत येतो आणि ते बाहेर राहतं.

एक विनंती. लायब्ररी फोल्डर टीममध्ये झिप करून पाठवायची सवय काही ठिकाणी आहे. टोकनची फाइल त्यात जाईल. म्हणून मी ती होममधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि प्रकल्पात फक्त पोर्ट आणि पीआयडी.

---

धुळाक्षर

पाथ जुळवण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि आमचे बरेच तास तिथेच गेले.

एडिटर लिहितो "सी" ड्राइव्हचा पाथ, एजंट डब्ल्यूएसएलमधून बघतो तर तोच फोल्डर एमएनटी-खाली. मॅकवर टेम्प हा प्रत्यक्षात प्रायव्हेट-टेम्प. विंडोजला इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. अक्षरं जशीच्या तशी जुळवायला गेलात तर तोच फोल्डर सापडत नाही.

आपल्यासाठी खास मुद्दा : फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर. "दऱ्याखोऱ्या" घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक र अधिक नुक्ता म्हणून. दोन्ही अधिकृतरीत्या समान, दिसायला तेच, बाइट वेगळे. कीबोर्ड एक देतो, दुसरीकडून कॉपी होऊन आलेल्या नावात दुसरा असतो. मॅकची फाइल सिस्टिम दोन्हींना एकच मानते, तुमचा तुलनेचा कोड मानत नाही. एजंट सांगतो, या प्रकल्पाचा एडिटर चालू नाही. म्हणून नावांची तुलनाच करू नका. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारा की हे दोन्ही एकच फोल्डर आहेत का. पायथनमध्ये त्यासाठी सेमफाइल आहे, ते डिव्हाइस आणि आयनोड (डिस्कवरचा फाइलचा क्रमांक) बघतं.

पोर्टऐवजी युनिक्स सॉकेट (पाथवरून जोडायचा दुवा) वापरणाऱ्यांनाही देवनागरी नावांचा त्रास होतो. सॉकेटच्या पाथला लिनक्सवर १०८ बाइट आणि मॅकवर १०४ बाइट एवढीच जागा असते. देवनागरीतला एकेक वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातो. प्रकल्पाच्या आत सॉकेट ठेवलात की मर्यादा लगेच संपते.

---

तेरेखोल

ऱ चा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. प्लगइनमध्ये आज टाकतो. धन्यवाद.

---

मीठभाकर

सगळं वाचलं. वर्कट्रीचं पटलं. आता माझी अडचण सांगा : आम्ही मल्टीप्लेअर तपासायला पॅरलसिंक वापरतो. मूळ प्रकल्प एक आणि त्याचा क्लोन एक, असेट्स फोल्डर दोघांत एकच, सिमलिंकने जोडलेलं. एजंट असेट्समधली फाइल उघडून बसलाय. खरा पाथ काढला तर तो मूळ प्रकल्पाचा निघतो, पण मला कन्सोल हवाय क्लोनचा. अशा वेळी फाइल शोधून काय होणार?

---

सह्यवारा

@मीठभाकर, इथे शोधून उत्तर निघणारच नाही, कारण उत्तर तुमच्या मनात आहे. मधल्या प्रोसेसने दोन्ही एडिटर सापडले म्हणून सांगावं, प्रत्येकाची भूमिका सांगावी (क्लोन आहे की मूळ, प्ले मोडमध्ये आहे का) आणि थांबावं. एजंट तुम्हाला विचारेल. तुम्ही एकदा सांगितलंत की ते त्या सत्रापुरतं पक्कं. यादीतला पहिला उचलायचा, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. क्लोनमध्ये तर लिहिणारे कॉल बंदच ठेवा, फक्त वाचू द्या.

---

रानजाई

एक राहिलंच. सेफ मोड. कंपाइल एरर असलेला प्रकल्प उघडला की युनिटी सेफ मोडमध्ये जायचं का विचारतो. त्यात आपलं प्लगइन उठेलच याची खात्री नाही, म्हणजे ओळखीची फाइलही लिहिली जाणार नाही. आणि एजंटची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते.

---

जुनाजाणता

तिथे मधल्या प्रोसेसने एडिटरइन्स्टन्स.जेसन बघावी. ती आहे, पीआयडी जिवंत आहे आणि आपली फाइल नाही, तर "एडिटर उघडा आहे, प्लगइन लोड झालेलं नाही, बहुधा कंपाइल एरर" असं सांगता येतं. एरर स्वतः एडिटर.लॉगमध्ये असतात. अडचण एवढीच की तो लॉग प्रकल्पागणिक नसतो, युजरागणिक एकच जागा. दोन युनिटी असले की कोणती ओळ कोणाची ते कळत नाही. एडिटर चालू करताना लॉगफाइलचा पर्याय देऊन प्रत्येकाचा लॉग त्याच्या प्रकल्पात पाठवता येतो.

---

रानजाई

युनिटी हबमध्ये (प्रकल्प उघडायच्या ॲपमध्ये) प्रत्येक प्रकल्पाला कमांड लाइनचे पर्याय देता येतात, तिथेच घालते. सोमवारी मुद्दाम एक अर्धविराम उडवून दोन वर्कट्री एकदम उघडते आणि एजंटला काय दिसतं ते इथे लिहिते.